आपला आज्ञाधारक : अर्जाच्या मायन्याविषयी



मागचे व्याख्यान संपल्यावर एक तरुण मुलगा व्यासपीठापाशी आला. व्याख्यान ज्ञानमीमांसेवर होते, त्याचा प्रश्न मात्र निराळाच. "सर, नोकरीच्या अर्जात शेवटी 'आपला विश्वासू' लिहायचं की 'आपला नम्र'? आणि वरती 'महोदय' की 'आदरणीय सर'?" शेजारी उभे असलेले एक गृहस्थ हसले. आम्हीही हसलो असतो, पण पुष्कळ वर्षांपूर्वीचा एक अर्ज आठवला आणि हसू आले नाही. त्याला म्हटले, पुढच्या वेळी ये, सांगतो. एका वाक्यात सांगता येईल असे ते नव्हते. तेव्हा आजचा विषय हाच.

आधी शब्दांकडे बघू. 'मायना' हा शब्द अरबीतून आला आहे आणि त्याचा मूळ अर्थ आहे 'अर्थ'. गंमत बघा, पत्राच्या ज्या भागाला आपण निव्वळ उपचार समजतो त्याचेच नाव 'अर्थ' आहे. 'अर्ज' हाही अरबीच, फारसीच्या वाटेने आलेला. वरिष्ठापुढे मांडलेले म्हणणे. 'उमेदवार' म्हणजे उमेद धरून बसलेला. जुन्या कचेऱ्यांत 'उमेदवारी करणे' म्हणजे पुढेमागे जागा मिळेल या आशेवर बिनपगारी काम करणे. आणि 'नोकर' हा शब्द फारसीत आला तो मंगोल भाषेतून. तिथे त्याचा अर्थ होता साथीदार, सरदाराचा सोबती. साथीदाराचा नोकर कसा झाला हा एका वेगळ्या व्याख्यानाचा विषय आहे. असो.

आता जुने मराठी पत्र डोळ्यांसमोर आणा. शिवकाळातले किंवा पेशवाईतले. त्यात आजच्यासारखी तळाशी सही नसे. ज्याला लिहायचे त्याची पदवी आणि नाव आधी, आणि लगेच त्याच ओळीत लिहिणाऱ्याचे नाव, नात्यासकट. 'राजश्रिया विराजित राजमान्य राजश्री अमुक यांसी' असे म्हणून मग 'पोष्य तमुक साष्टांग नमस्कार विनंती'. पोष्य म्हणजे ज्याचे पोषण करायचे तो. वरिष्ठाला लिहिताना 'सेवक' किंवा 'आज्ञाधारक', वडीलधाऱ्याला 'अपत्य', गुरूला 'चरणरज'. खालून वर जाते ती 'विज्ञापना', वरून खाली येते ती 'आज्ञा', बरोबरीच्या माणसाला 'विनंती'. म्हणजे मजकुराला सुरुवात होण्यापूर्वीच कोण कुठे उभा आहे हे ठरून जाई. शेवटी 'बहुत काय लिहिणे, लोभ असो दीजे हे विनंती' असे काहीतरी, आणि त्याखाली 'लेखनसीमा' किंवा 'मोर्तब सुद' असा छोटा शिक्का. शिक्का कशाला? नंतर कोणी खाली दोन ओळी घुसडू नयेत म्हणून. पत्राचा शेवट हा सभ्यतेचा तितकाच सुरक्षिततेचा प्रश्न होता.

हे शिकवावे लागे. यादवांचा मंत्री हेमाद्री, म्हणजे आपला हेमाडपंत, याच्या नावावर 'मेस्तक' नावाचे लेखनव्यवहाराचे टाचण परंपरेने चालत आले आहे. गुजरातेत संस्कृतात 'लेखपद्धति' होती. तिच्यात दस्तऐवजांचे आणि पत्रांचे नमुनेच नमुने आहेत. कोणाला किती विशेषणे लावायची हे कारकुनाच्या पोटापाण्याचे ज्ञान होते. शिवाजी महाराजांचे चिटणीस बाळाजी आवजी यांची कथा तुम्ही ऐकली असेल. वडील गेले, कुटुंब देशोधडीला लागले, राजापुरास मुलाने कारकुनी धरली, आणि त्याने महाराजांना लिहिलेल्या पत्रातले अक्षर पाहून महाराजांनी त्याला जवळ केले, असे परंपरा सांगते. कथा म्हणूनच घ्या. पण नोकरीचा अर्ज अक्षरावरून पास झाल्याची आपल्याकडची ही सर्वांत प्रसिद्ध गोष्ट आहे.

या मायन्यांचे अवशेष आमच्या लहानपणापर्यंत टिकून होते. पाकिटावर 'रा. रा.', म्हणजे राजमान्य राजश्री. ज्यांनी आयुष्यात राजा पाहिला नाही ते राजमान्य! भटजींना 'वे. शा. सं.', विधवेला 'गं. भा.', आणि आत 'कृ. सा. न. वि. वि.', कृतानेक साष्टांग नमस्कार विनंती विशेष. त्याचेच पुढे 'स. न. वि. वि.' झाले. साष्टांग जाऊन सप्रेम आले. जमिनीवर लोटांगण घालणारा माणूस उठून उभा राहिला आणि प्रेमाने नमस्कार करू लागला. एका अक्षरात केवढा बदल! आणि आजही कोणी कंपनीच्या मॅनेजरला अर्ज करताना सवयीने 'स. न. वि. वि.' लिहितो, म्हणजे त्या अनोळखी गृहस्थावर आपले प्रेम असल्याचे जाहीर करतो.

१८१८ नंतर इंग्रजांचा अंमल आला. तालुक्याच्या कचेरीत मोडीतले अर्ज चालू राहिले: 'हुजुरास', 'अर्जदार अमुक याचा विनंतीअर्ज ऐसा जे'. मायबाप सरकारची भाषा इथलीच. वरच्या पातळीवर मात्र इंग्रजी मायना आला. वरती नुसते 'सर', आणि खाली ते प्रसिद्ध शेपूट: 'आय हॅव द ऑनर टू बी, सर, युवर मोस्ट ओबीडियंट सर्व्हंट'. आपला अत्यंत आज्ञाधारक सेवक असण्याचा मान मला आहे.

आता इथे थोडे थांबले पाहिजे, कारण याविषयी आपला एक गैरसमज आहे. आपल्याला वाटते की हे गुलामांकडून वदवून घेतलेले वाक्य. तसे नाही. इंग्रज अधिकारी एकमेकांना असेच लिहीत. वरचा खालच्यालाही लिही. मुंबई सरकारचा सेक्रेटरी एखाद्या कलेक्टरची कडक शब्दांत कानउघाडणी करी आणि खाली 'आपला अत्यंत आज्ञाधारक सेवक' म्हणून सही करी. अमेरिकेत १८०४ साली हॅमिल्टन आणि बर यांच्यात द्वंद्वयुद्ध झाले, हॅमिल्टन त्यात मेले. त्याआधी दोघांची जी पत्रापत्री झाली तिच्या तळाशीही दोघे एकमेकांचे आज्ञाधारक सेवकच होते. दोन्हीकडून तेच वाक्य येत असेल तर ते कोणालाच खाली ढकलत नाही. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

या वाक्याने केलेला एक अर्ज जगप्रसिद्ध झाला. ९ फेब्रुवारी १९१२ रोजी श्रीनिवास रामानुजन यांनी मद्रासच्या पोर्ट ट्रस्टमध्ये कारकुनाच्या जागेसाठी अर्ज केला. चार-पाच वाक्यांचा. मॅट्रिक झालो आहे, एफ. ए. पर्यंत शिकलो, परिस्थितीमुळे पुढे जाता आले नाही, सगळा वेळ गणिताला देतो आहे, काम नीट करीन असा भरवसा आहे. आणि खाली, आपला अत्यंत आज्ञाधारक सेवक. नोकरी मिळाली. पुढे अकरा महिन्यांनी, १६ जानेवारी १९१३ रोजी, याच माणसाने केंब्रिजच्या हार्डींना पत्र लिहिले. त्यात सुरुवातीलाच सांगितले की आपण वर्षाला अवघ्या वीस पौंडांवर काम करणारे कारकून आहोत. पण शेवटी सेवक नाही, आज्ञाधारक नाही. नुसते 'युवर्स ट्रुली'. आम्ही ही दोन पत्रे विद्यार्थ्यांना शेजारी शेजारी ठेवून दाखवत असू. माणूस तोच, गरिबी तीच. पहिल्या पत्रात तो मागतो आहे. दुसऱ्यातही तो मदत मागतो आहेच, पण सोबत पानेच्या पाने प्रमेये जोडली आहेत. त्याच्या हातात देण्यासारखे काही आहे.

दुसरे उदाहरण उलट टोकाचे. २२ एप्रिल १९२१. सुभाषचंद्र बोस आयसीएसच्या उमेदवारांच्या यादीतून आपले नाव काढून टाका असे भारतमंत्री माँटेग्यू यांना लिहितात. साम्राज्याची सर्वांत मोठी नोकरी लाथाडणारे ते पत्र, आणि त्याच्या तळाशी तेच, आपला अत्यंत आज्ञाधारक सेवक! आज्ञा मानायला नकार देतानाही आज्ञाधारक. बोसांना यात विसंगती वाटली नसावी; रीत म्हणजे रीत. गांधीजींनी मात्र ती रीत मोडली. मिठाच्या सत्याग्रहाआधी २ मार्च १९३० रोजी त्यांनी व्हाइसरॉय आयर्विन यांना पत्र लिहिले. वर 'प्रिय मित्र', खाली 'आपला सच्चा मित्र'. तरुणपणी दक्षिण आफ्रिकेतून सरकारदरबारी रीतसर विनंतीअर्ज पाठवणारे बॅरिस्टर हेच. पत्राच्या मधल्या मजकुराइतकेच हे वरचे आणि खालचे शब्द सरकारला बोचले असतील, असे आम्हाला वाटते.

आता आमच्या विषयाकडे वळतो, म्हणजे तत्त्वज्ञानाकडे. घाबरू नका, थोडक्यात सांगतो. खोटे बोलणे कोणत्याही परिस्थितीत गैर असे मानणारा कडक माणूस म्हणजे इमॅन्युएल कांट. १७९७ च्या आपल्या नीतिविषयक ग्रंथात तो असत्याची चर्चा करतो आणि मध्येच एक प्रश्न टाकतो: पत्राच्या शेवटी 'आपला आज्ञाधारक सेवक' लिहिणे हे खोटे बोलणे आहे काय? आम्ही विद्यार्थी असताना हे पहिल्यांदा वाचले तेव्हा पुस्तक मिटून ठेवले होते, इतके आश्चर्य वाटले. एवढा मोठा माणूस आणि आमच्या वडिलांचा प्रश्न! कांट सविस्तर निकाल देत नाही, पण त्याने कोणी फसत नाही एवढे म्हणतो. त्याच ग्रंथात थोडे पुढे लाचारीविषयीचा भाग आहे. तिथे तो आपल्या जर्मन लोकांना झोडपतो. संबोधनांच्या आणि बिरुदांच्या पायऱ्या बांधण्यात जर्मनांचा हात कोणी धरू शकणार नाही, फार तर भारतातल्या जातींचा अपवाद, असे तो म्हणतो. आणि जो स्वतःला किडा करून घेतो त्याने पायदळी तुडवल्याची तक्रार करू नये, हेही तिथेच.

बरे, खुद्द कांटचे काय? १७५८ साली कोनिग्सबर्ग रशियाच्या ताब्यात होते. तर्कशास्त्र आणि तत्त्वमीमांसेची प्राध्यापकाची जागा रिकामी झाली, आणि चौतीस वर्षांच्या कांटने थेट रशियाच्या सम्राज्ञी एलिझाबेथ यांना अर्ज केला. वर बिरुदांची रांग, खाली आपला अत्यंत दीन सेवक अशा अर्थाची सही. जागा बुक नावाच्या दुसऱ्या गृहस्थांना मिळाली. कांटला ती मिळायला १७७० उजाडावे लागले. किड्याविषयीचे ते वाक्य लिहिताना म्हाताऱ्या कांटला आपला तो अर्ज आठवला असेल का? आम्हाला उगाच वाटते की आठवला असेल.

तर कांटचे म्हणणे, कोणी फसत नाही. म्हणजे शब्द पोकळ आहेत, नाणे झिजलेले आहे, घ्या आणि द्या. पुष्कळ वर्षे आम्हालाही हे पटत होते. पण आपल्याच इतिहासातला एक प्रसंग याच्या आड येतो. १७७९ साली मुंबईच्या कंपनी सरकारने एक ठराव केला. सोनारांनी 'नमस्कार' हा शब्द अभिवादनासाठी वापरू नये असा. ब्राह्मणांची तक्रार होती, पुण्याच्या दरबाराचा आग्रह होता, आणि व्यापार करायला आलेल्या इंग्रजांनी तो मान्य केला. डॉ. आंबेडकरांनी आपल्या लेखनात या ठरावाची दखल घेतली आहे. आता सांगा, शब्द पोकळ असता तर त्याच्यासाठी दोन सरकारांनी एवढी यातायात केली असती का? नमस्कार कोणी म्हणायचा, रामराम कोणी, मुजरा कोणी करायचा आणि जोहार कोणी, हे ठरलेले होते. महाराने जोहार म्हणायचा. समोरच्याने त्याला उलट जोहार म्हणायचा नाही. आंबेडकरी चळवळीने जोहार टाकून दिला आणि पुढे 'जय भीम' आले, ते दोन्ही बाजूंनी म्हणायचे. इंग्रज सेक्रेटरी आणि कलेक्टर यांच्यात जी परतफेड होती, ती इथे नव्हती. कांटने शब्द खरा की खोटा एवढे विचारले. तो परत येतो की नाही, हे विचारायचे राहून गेले.

स्वातंत्र्यानंतर सरकारी पत्रांतून ते लांब शेपूट गेले, 'युवर्स फेथफुली' राहिले. १९६० नंतर महाराष्ट्राचा कारभार मराठीत आणायचे काम सुरू झाले, १९६४ साली राजभाषेचा कायदा झाला, आणि 'प्रति, विषय, संदर्भ, महोदय' हा साचा पक्का होत गेला. 'फेथफुली'चे भाषांतर झाले 'विश्वासू'. या शब्दाविषयी आमची एक जुनी कुरकुर आहे. मराठीत विश्वासू कोण असतो? विश्वासू नोकर असतो, विश्वासू कुत्रा असतो. म्हणजे 'सर्व्हंट' दाराबाहेर काढला आणि तो विशेषणात लपून परत घरात आला. शिवाय 'महोदय' म्हणताना समोर पुरुषच बसला आहे हे गृहीत. आमच्या विभागात पहिल्यांदा बाई प्रमुख झाल्या तेव्हा वर्षभर त्यांच्या नावाने 'महोदय'च येत असे.

आमचा स्वतःचा पहिला अर्ज १९७३ सालचा. वडील कचेरीत कारकून. त्यांनी इंग्रजीत सांगितला, आम्ही लिहिला. 'रिस्पेक्टेड सर, आय बेग टू स्टेट', आणि शेवटी 'मोस्ट ओबीडियंटली'. सही करायला लागलो तर म्हणाले, "थांब. चार बोटं जागा सोड. साहेबाचं नाव आणि तुझं नाव जवळ येता कामा नये." आम्ही सोडली. नोकरी लागली. वडिलांना शेवटपर्यंत वाटत होते की ती त्या चार बोटांमुळे लागली.

आणि आता तो अर्ज, ज्याच्यामुळे हे व्याख्यान देतो आहे. साधारण १९८९ साल. एका महाविद्यालयात तत्त्वज्ञानाच्या अधिव्याख्यात्याची जागा होती, निवड समितीवर आम्ही होतो. एका उमेदवाराचा अर्ज असा: प्रति प्राचार्य, मग विषय, मग सरळ मजकूर. शिक्षण, गुण, प्रबंधाचा विषय. 'महोदय' नाही. शेवटी 'कळावे' आणि नाव. आज्ञाधारक नाही, नम्र नाही, विश्वासू नाही. अक्षर स्वच्छ. प्रबंध आम्ही चाळला होता, चांगला होता. आलेल्यांत सगळ्यांत चांगला. समितीतले एक ज्येष्ठ सदस्य तो कागद दोन बोटांत धरून म्हणाले, "ज्याला अर्ज लिहायची रीत माहीत नाही तो वर्गात काय शिकवणार? उद्धट दिसतो." दुसरे एक जण मान हलवून हसले. आम्हाला बोलता आले असते. कांटचे उदाहरण तर जिभेवर होते. आम्ही चहाचा कप उचलला. मुलाखत दहा मिनिटांत आटोपली आणि कागदावर दुसरीच कारणे नोंदवून त्याला वगळले. तळाशी सह्या आहेत, त्यांत आमची एक.

सहा-सात वर्षांनी एका परिषदेत ते गृहस्थ भेटले. दुसरीकडे शिकवत होते, चांगले नाव होते. जेवणाच्या रांगेत आम्हीच विषय काढला. आम्हाला आठवते आहे याचे त्यांना नवल वाटले. म्हणाले, "सर, आमच्या आजोबांना लिहिता-वाचता येत नव्हतं. जमिनीच्या तुकड्यासाठी कचेरीत अर्ज द्यायचे. लिहून देणारा दुसराच कोणीतरी. काय लिहिलंय ते आजोबांना कळायचं नाही, ते अंगठा उठवायचे. वडील शाळेत गेले, चौथी झाले, आणि त्यांनी घरातले ते जुने अर्ज वाचले. प्रत्येकाच्या खाली, आपल्या पायाची धूळ. आजोबा तेव्हा जिवंत होते. वडिलांनी त्यांना ते वाचून दाखवलं नाही. आम्हा भावंडांना मात्र सांगून ठेवलं, कागदावर आपलं नाव आणि आपली मागणी, बास. वर काही नको, खाली काही नको."

मघाशी म्हटले ना, जुन्या पत्रात गुरूला लिहिताना 'चरणरज' येतो. तोच शब्द. गुरूला तो माणूस आपल्या हाताने आणि आपल्या इच्छेने लिहितो. या आजोबांच्या अंगठ्याखाली तो दुसऱ्याने लिहून ठेवला.

आम्ही त्यांची क्षमा मागितली. ते म्हणाले, "राहू द्या सर, रांग पुढे गेली." खरोखरच गेली होती.

तर आता त्या मुलाचा प्रश्न. आला आहे का तो? हं, मागे बसला आहे. ऐक. वर 'प्रति' म्हणून पदाचे नाव आणि पत्ता. अर्ज कोण वाचणार ते माहीत नसेल तर 'महोदय / महोदया'. 'आदरणीय सर' नको, आदर कशाबद्दल ते तुला अजून माहीत नाही. विषयात जागेचे नाव आणि जाहिरातीची तारीख. शेवटी बहुतेक कचेऱ्यांत 'आपला विश्वासू' चालते, त्याने तुझे काही बिघडणार नाही. आमची कुरकुर आमच्यापाशी. नुसते 'आपला' लिहिलेस तरी पुरते. 'आज्ञाधारक' लिहू नकोस, आज्ञा अजून कोणी दिलेली नाही. सहीखाली नाव वाचता येईल असे लिही, आणि चार बोटे जागा सोडायची गरज नाही. ईमेलने पाठवणार असशील तर फोन नंबरही तिथेच दे. मुदत कधी संपते म्हणालास? शुक्रवारी? मग आजच लिही.

आणि या सभागृहात असेही काही लोक दिसतात ज्यांच्या टेबलावर अर्ज येऊन पडतात. त्यांच्यासाठी एकच. ज्यांना जागा देता येत नाही त्यांनाही दोन ओळींचे उत्तर पाठवा, आणि त्याच्या खाली तुम्हीही 'आपला विश्वासू' लिहा.

दहा मिनिटे आहेत. प्रश्न असतील तर घेऊ.